बास बोटीचा वेग आणि ताबा : आउटबोर्ड इंजिनाची जुळणी

बास बोट ही गोड्या पाण्याच्या मोठ्या जलाशयांवर गळाने बास जातीचे मासे धरण्यासाठी अमेरिकेत विकसित झालेली वेगवान नौका आहे. साधारण १८ ते २१ फूट लांबी, पाण्यालगत बुटकी बांधणी, गळ टाकण्यासाठी पुढे आणि मागे सपाट डेक, पकडलेले मासे जिवंत ठेवण्यासाठी पाण्याची टाकी आणि मागच्या भिंतीवर बसवलेले एकच मोठे आउटबोर्ड इंजिन, असे तिचे ठरलेले रूप आहे. १९४८ मध्ये लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे होम्स थरमंड यांनी बनवलेली ‘स्कीटर’ ही या जातीची पहिली नौका मानली जाते. १९६७ मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सामधील बीव्हर लेकवर बास मासेमारीची मोठी स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी त्याच राज्यातील फ्लिपिन गावात फॉरेस्ट वुड यांनी ‘रेंजर’ नौकांचा कारखाना सुरू केला. स्पर्धांची लोकप्रियता वाढत गेली, तशी नौकांची इंजिनेही मोठी होत गेली.

या नौकेला वेग लागतो, त्याचे कारण जलाशयांच्या विस्तारात आहे. टेक्सास आणि लुइझियाना यांच्या सीमेवरील टोलेडो बेंड जलाशय सुमारे ७५,००० हेक्टरांवर पसरलेला आहे. जायकवाडीच्या नाथसागराच्या तो जवळपास दुप्पट भरतो. सकाळी निघून दूरच्या खाडीत पोहोचायचे, दिवसभर मासे शोधायचे आणि ठरलेल्या वेळेआधी वजनकाट्यावर परतायचे, असा स्पर्धकाचा दिवस असतो. प्रवासात वाचलेले प्रत्येक मिनिट त्याला गळ टाकायला मिळते. मात्र अनेक मोठ्या स्पर्धांत इंजिनाच्या शक्तीवर २५० अश्वशक्तीची मर्यादा आहे. त्यामुळे सारख्याच शक्तीच्या दोन नौकांपैकी एक वेगाने आणि स्थिर धावते, तर दुसरी मागे पडते आणि डुलते, असे नेहमी दिसते. हा फरक जुळणीचा असतो. वजन, इंजिनाची उंची, पंखा आणि ट्रिम या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या की त्याच इंजिनातून अधिक वेग मिळतो आणि नौका ताब्यातही राहते.

पाण्यावर धावणे म्हणजे काय

थांबलेली किंवा हळू चालणारी नौका पाणी बाजूला सारून तरंगते. वेग वाढू लागला की पुढचे टोक वर उचलले जाते, मागचा भाग खाली बसतो आणि नौकेला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावे लागते. हा चढ पार झाला की ती पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत धावू लागते. या अवस्थेला प्लेनिंग म्हणतात. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे आठशे पट दाट असते. त्यामुळे नौकेचा जितका कमी भाग पाण्याला टेकेल तितके घर्षण कमी होते.

बास बोटीचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो, पण मागच्या टोकाजवळ त्याच्या मध्यावर एक अरुंद सपाट पट्टी ठेवलेली असते. तिला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात नौकेचा बहुतेक भाग हवेत असतो आणि तिचा भार मागच्या काही फुटांतील या पॅडवर येतो. वेगाचे रहस्य या पॅडमध्ये आहे आणि ताब्याची अडचणही तिथेच आहे, कारण आधार जितका अरुंद, तितका तोल नाजूक.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

नवा पंखा किंवा नवी साधने घेण्याआधी इंजिन आणि तळ निर्दोष असल्याची खात्री करावी लागते. थ्रॉटलचा दांडा पूर्ण पुढे ढकलल्यावर इंजिनाकडील झडप खरोखर पूर्ण उघडते का, हे पाहणे ही पहिली पायरी आहे. केबल ताणली गेली असेल तर झडप अर्धवट उघडते आणि इंजिनाची शक्ती वाया जाते. स्पार्क प्लग, इंधन फिल्टर आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर वेळेवर बदलावे लागतात. अमेरिकेतील पेट्रोलमध्ये सहसा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे साचते. गिअरचे तेल दुधाळ दिसले, तर सीलमधून पाणी आत शिरत आहे असे समजावे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचे रबरी चक्र झिजणारे असल्याने तेही ठरावीक काळाने बदलावे लागते.

तळाची तपासणी नौका ट्रेलरवर असताना होते. मागच्या चार-पाच फुटांवर सरळ पट्टी लांबीच्या दिशेने धरली की तळ सपाट आहे, आत वळला आहे की बाहेर फुगला आहे, हे दिसते. ट्रेलरचे आधार चुकीच्या जागी असतील तर वर्षानुवर्षांच्या भाराने तळाला बाक येऊ शकतो. मागचे टोक खाली वळलेले असेल तर वेगात नौकेचे नाक दाबले जाते आणि वेग घटतो. उलट बाक असेल तर नाक गरजेपेक्षा जास्त उचलले जाते आणि नौका उड्या मारू लागते. तळाशी चिकटलेले शेवाळ, पोटात साचलेले पाणी आणि जुन्या नौकेच्या आतील फोमने शोषलेला ओलावा हेही वेगाचे छुपे शत्रू आहेत.

वजन किती आणि कुठे

२५० अश्वशक्तीचे आजचे आउटबोर्ड इंजिन सुमारे २३० किलो वजनाचे असते आणि ते नौकेच्या अगदी मागच्या टोकाला असते. दीडशे लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ११० किलो भरते. माशांच्या टाकीत शंभर लिटर पाणी भरले की आणखी १०० किलोंची भर पडते. यात दोन माणसे, बॅटऱ्या, नांगर, गळाचे सामान आणि पुढच्या टोकावरील विजेची ट्रोलिंग मोटर धरली, म्हणजे कारखान्यातून निघालेली नौका आणि पाण्यावर उतरलेली नौका यांत मोठे अंतर पडते.

वजन कमी करणे हा सुधारणेचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. वर्षभर न वापरलेले सामान बाहेर काढणे, दिवसाच्या गरजेपुरतेच इंधन राखीव साठ्यासह भरणे आणि लांबच्या प्रवासात माशांची टाकी रिकामी ठेवणे, एवढ्यानेही फरक जाणवतो. मात्र टाकीत मासे असतील तर पाणी आणि प्राणवायू यांत काटकसर करू नये. स्पर्धेत पकडलेले मासे वजनानंतर जिवंत परत सोडण्याची प्रथा १९७२ पासून रुजली आहे, आणि तिच्यावरच या खेळाचे भवितव्य अवलंबून आहे.

वजनाइतकीच त्याची जागाही महत्त्वाची असते. मागे जास्त भार असेल तर नौका प्लेनिंगवर यायला वेळ लावते आणि वेगात तिचे नाक वर-खाली होऊ लागते. पुढे जास्त भार असेल तर नाक उचलत नाही, तळाचा अधिक भाग ओला राहतो आणि लाटेत पुढचे टोक घुसण्याचा धोका वाढतो. डाव्या-उजव्या बाजूंचा तोलही साधावा लागतो. मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा प्रतिक्रिया म्हणून नौकेला डावीकडे कलवतो. उजवीकडे बसलेल्या चालकाचे वजन हा कल काही प्रमाणात भरून काढते. त्यामुळे जड सामान डाव्या बाजूला साठवल्यास तोल बिघडतो.

बॅटऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. ३६ व्होल्टच्या ट्रोलिंग मोटरला १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या लागतात. शिसे-आम्लाची मोठी बॅटरी सुमारे ३० किलोंची, तर साधारण तेवढेच काम देणारी लिथियम बॅटरी तिच्या निम्म्याहूनही हलकी असते. या बदलाने मागच्या भागातील जवळपास ५० किलो भार कमी होतो. पण मागचा भाग हलका झाला की नौका पाण्यात वेगळ्या कोनात बसते. म्हणूनच बॅटऱ्या बदलल्यावर इंजिनाची उंची आणि पंखा पुन्हा तपासावा लागतो.

इंजिनाची उंची आणि जॅक प्लेट

नौकेच्या मागच्या सपाट भिंतीला ट्रान्सम म्हणतात. इंजिन थेट ट्रान्समवर न बसवता मध्ये जॅक प्लेट नावाची धातूची चौकट बसवली, तर दोन गोष्टी साधतात : इंजिन ६ ते १२ इंच मागे सरकते आणि ते वर-खाली करता येते. मागे सरकल्याने पंख्याला नौकेच्या तळाखालून ढवळून येणाऱ्या पाण्यापेक्षा शांत पाणी मिळते, शिवाय तरफेचा दांडा लांबल्याने नाक सहज उचलले जाते. तळाच्या मागे पाणी थोडे वर चढत असल्याने इंजिन जितके मागे जाईल तितके ते उंच बसवता येते. काही जॅक प्लेटची उंची पाना घेऊन बोल्ट सैल करून बदलावी लागते, तर हायड्रॉलिक प्रकारात चालत्या नौकेतही कळ दाबून ती बदलता येते.

इंजिनाचा पाण्याखालचा पाय, म्हणजे गिअरकेस, वेगात मोठा अडथळा निर्माण करतो. तो जितका वर येईल तितका अडथळा घटतो आणि वेग वाढतो. उंची मोजण्यासाठी पॅडच्या पातळीपासून पंख्याच्या दांड्याच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर घेतात. या वेळी पंख्याचा दांडा तळाला समांतर असावा लागतो. बास बोटीत हे अंतर बहुधा पॅडच्या खाली तीन इंचांच्या आसपास ठेवून चाचणीला सुरुवात करतात आणि मग पाव-पाव इंचाने इंजिन वर घेत जातात.

उंचीला मर्यादा घालणारी दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे पंख्याची पकड. इंजिन फार वर गेले की पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, पाण्यावरची पकड सुटते आणि इंजिनाचे फेरे एकदम वाढतात. याला व्हेंटिलेशन म्हणतात. कॅव्हिटेशन ही याहून वेगळी गोष्ट आहे : पात्याच्या मागे दाब इतका घटतो की तिथले पाणीच वाफेत बदलते, आणि ते बुडबुडे फुटताना धातू खरवडला जातो. दुसरे कारण म्हणजे इंजिनाचे थंड राहणे. गिअरकेसवरील छिद्रांतून थंड पाणी आत जाते. ती छिद्रे पृष्ठभागाजवळ आली की पाण्याचा दाब पडतो आणि इंजिन तापते. म्हणून जॅक प्लेट बसवणाऱ्याने पाण्याच्या दाबाचा मीटरही बसवावा. इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या किमान दाबाखाली काटा गेला तर वेग कितीही वाढत असो, इंजिन खाली घेणे हाच योग्य निर्णय ठरतो.

पंख्याची निवड

प्रोपेलर, म्हणजे पंखा, हा इंजिन आणि पाणी यांमधला दुवा आहे. त्याच्यावर दोन आकडे कोरलेले असतात : व्यास आणि पिच. लाकडात स्क्रू फिरवला की तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक अंतर आत जातो, तसेच पंखा एका फेऱ्यात तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर म्हणजे पिच. २४ इंच पिचचा पंखा एका फेऱ्यात २४ इंच, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर पुढे जायला हवा. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने प्रत्यक्षात तो थोडा कमी सरकतो. या तुटीला स्लिप म्हणतात.

हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला ५,८०० फेरे घेत असेल आणि गिअरचे प्रमाण १.७५ असेल, तर पंखा मिनिटाला सुमारे ३,३१४ वेळा फिरतो. २४ इंच पिचने गुणल्यास तात्त्विक वेग ताशी सुमारे १२१ किलोमीटर येतो. जीपीएसवर प्रत्यक्ष वेग ११० किलोमीटर दिसला, तर स्लिप सुमारे ९ टक्के आहे. नीट जुळवलेल्या बास बोटीत पूर्ण वेगाला स्लिप साधारण ५ ते १२ टक्क्यांत असते. ती १५-२० टक्क्यांवर गेली तर इंजिन फार उंच आहे, पंख्याची पाती दुखावली आहेत किंवा पंख्याचा प्रकार चुकला आहे, असा अर्थ होतो.

पिच निवडताना इंजिनाच्या निर्मात्याने ठरवलेली पूर्ण थ्रॉटलची फेऱ्यांची मर्यादा पाळावी लागते. अनेक मोठ्या इंजिनांत ती मिनिटाला ५,००० ते ६,००० च्या दरम्यान असते. नेहमीचा भार घेऊन नौका त्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ पोहोचली पाहिजे. पिच एक इंच वाढवली की फेरे साधारण १५० ते २०० ने घटतात आणि एक इंच कमी केली की तेवढेच वाढतात. जास्त पिचच्या हव्यासापोटी इंजिन खालच्या फेऱ्यांवर कुंथत चालवले, तर वेग तर मिळत नाहीच, उलट इंजिनावर सतत ताण येतो.

पात्यांची संख्याही परिणाम करते. तीन पात्यांचा पंखा सहसा सर्वोच्च वेगाला चांगला ठरतो आणि नाक उचलतो. चार पात्यांचा पंखा पाणी घट्ट धरतो, मागचा भाग उचलून नौकेला लवकर प्लेनिंगवर आणतो आणि वळणावर व लाटांत पकड सोडत नाही. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त पडतो, पण भाराखाली त्याची पाती वाकतात. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ ठेवूनही ताठ राहतात, म्हणून वेगवान नौकांवर तीच वापरली जातात. पात्याच्या कडेला दिलेला छोटा बाक, म्हणजे कप, उंच बसवलेल्या इंजिनालाही पकड देतो. एखादा पंखा सुरुवातीला जड वाटत असेल तर त्याच्या मधल्या नळकांड्यावरील हवेची छिद्रे उघडी ठेवतात. त्यातून निघणाऱ्या धुरामुळे पंखा क्षणभर हलका फिरतो, इंजिन फेरे घेते आणि नौका लवकर वर येते. साध्या डोळ्यांना न दिसणारा पात्याचा वाकडेपणाही वेग खातो. म्हणून पंखा दगडाला किंवा बुडालेल्या झाडाला घासला असेल तर तो जाणकाराकडून तपासून घ्यावा.

ट्रिम आणि सुकाणू

इंजिन ट्रान्समच्या दिशेने आत किंवा त्यापासून बाहेर झुकवण्याला ट्रिम म्हणतात. निघताना इंजिन पूर्ण आत असावे, म्हणजे नाक खाली राहते आणि नौका लवकर प्लेनिंगवर येते. मग थोडे थोडे बाहेर झुकवत गेले की नाक उचलते, ओला भाग घटतो आणि सुकाणू हलके होते. एका टप्प्यानंतर आणखी ट्रिम केल्यास फेरे वाढतात, पण वेग वाढत नाही. तो टप्पा ओळखून किंचित मागे येणे हे कौशल्य आहे. वळण घेण्याआधी वेग कमी करून इंजिन आत घ्यावे लागते. बाहेर झुकलेल्या इंजिनाने तीव्र वळण घेतल्यास पंख्याची पकड सुटते आणि नौका अनपेक्षितपणे फिरू शकते. लाटांतही इंजिन थोडे आत घेतले की ‘व्ही’ आकाराचा पुढचा भाग पाणी कापतो आणि आदळआपट कमी होते.

ताबा बिघडण्याचे दोन प्रकार नेहमी आढळतात. नाक लयीत वर-खाली होऊ लागले तर ट्रिम जास्त आहे किंवा मागे भार जास्त आहे. ट्रिम आत घेतल्यावर हे बहुधा थांबते. दुसरा प्रकार अधिक धोकादायक आहे. पूर्ण वेगात पॅडवर तोलून धावणारी नौका डावी-उजवीकडे झुलू लागते आणि प्रत्येक झोक्याला झुलणे वाढत जाते. याला चाइन वॉक म्हणतात. सुकाणूच्या चाकात किंचितही ढिलाई असेल तर चालकाची दुरुस्ती उशिरा पोहोचते आणि झोका वाढतो. म्हणून हायड्रॉलिक सुकाणूतील हवा काढणे, तेलाची पातळी राखणे आणि सैल सांधे व बोल्ट घट्ट करणे ही वेगवान नौकेची प्राथमिक गरज आहे. झुलणे सुरू झाल्यावर थ्रॉटल एकदम सोडू नये, कारण नाक झटक्यात खाली येऊन नौका एका बाजूला खेचली जाऊ शकते. वेग हळूहळू कमी करून ट्रिम आत घ्यावी.

चाचणीची शिस्त

या साऱ्या जुळणीचा पाया मोजमाप आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळी फेरे, जीपीएसवरील वेग, पाण्याचा दाब, इंजिनाची उंची आणि प्लेनिंगवर यायला लागलेले सेकंद वहीत लिहावेत. एकाच पट्ट्यात जाताना आणि येताना, दोन्ही दिशांनी वेग मोजून सरासरी काढावी, म्हणजे वारा आणि प्रवाह यांचा परिणाम निघून जातो. इंधन, सामान आणि माणसे प्रत्येक चाचणीत सारखीच असावीत. हवामानाचीही नोंद हवी : उष्ण हवा विरळ असल्याने इंजिन कमी शक्ती देते, आणि समुद्रसपाटीपासूनच्या दर ३०० मीटर उंचीमागे साध्या इंजिनाची शक्ती सुमारे ३ टक्के घटते. त्यामुळे सखल भागात बरोबर ठरलेला पंखा डोंगरातल्या तलावावर जड पडतो.

हीच तत्त्वे कोकण किनाऱ्यावरील फायबरच्या छोट्या होड्यांनाही लागू पडतात. उद्देश तेवढा वेगळा असतो. जाळी आणि मासळीचा भार ओढणाऱ्या होडीला कमी पिचचा, जोर देणारा पंखा लागतो. पण इंजिनाची उंची, पात्यांची स्थिती आणि भाराची जागा तपासण्याचा फायदा तिलाही मिळतो, आणि तो इंधनाच्या बचतीत दिसतो.

वेगाबरोबर येणारी जबाबदारी

अमेरिकेत २० फुटांपेक्षा कमी लांबीच्या आउटबोर्ड नौकांवर कमाल अश्वशक्ती आणि भार दाखवणारी पट्टी लावलेली असते. त्या आकड्यापेक्षा मोठे इंजिन बसवणे ही सुधारणा नसून धोका आहे, कारण ट्रान्सम आणि तळ त्या ताणासाठी बांधलेले नसतात. १ एप्रिल २०२१ पासून तिथल्या संघराज्य कायद्याने २६ फुटांपेक्षा कमी लांबीच्या आणि ३ किंवा अधिक अश्वशक्तीच्या, आपत्कालीन स्विच असलेल्या नौकेच्या चालकाला वेगात धावताना त्या स्विचची दोरी किंवा बिनतारी साधन जोडून ठेवणे बंधनकारक केले आहे. चालक पाण्यात फेकला गेला तर इंजिन आपोआप बंद पडते, आणि सुटलेली नौका गोल फिरून त्याच्याच अंगावर येण्याचा धोका टळतो.

पंखा, उंची आणि ट्रिम यांच्या जुळणीतून ताशी चार-पाच किलोमीटर वेग वाढतो, कधी त्याहून जास्तही वाढतो. तो वाढलेला वेग तपासायला निघताना जीवरक्षक जाकीट अंगावर असावे, स्विचची दोरी कमरेला अडकवलेली असावी आणि समोरचे पाणी मोकळे असावे.